हिरव्या फितीचा वसा

बाळांनो, मांडी घालून बसा. हातातला लाडू आधी संपवा, मग ऐका. गोष्ट दवाखान्याची आहे.

एका जंगलात मालन नावाची भेकरी राहायची. गरीब, देवभोळी. सोमवार कधी मोडायची नाही, तुळशीच्या पानाला चुकून दात लावायची नाही. तिला एकच पाडस होतं.

त्या वर्षी डबक्याचं पाणी नासलं. साऱ्या जंगलातल्या पिल्लांना जुलाब सुरू झाले.

दूर राजधानीच्या तळ्यावर सगळ्या जंगलांचं आरोग्यखातं होतं. मंत्री होते बगळेमहाराज. अंगावर पांढरंशुभ्र, एका पायावर ध्यान. त्यांना पिल्लांचा फार कळवळा. त्यांनी लगेच हात धुण्याची मोहीम काढली. जंगलात हात होते फक्त माकडांना. त्यांनी ते धुतले. त्याच डबक्यात.

मग मात्र खरोखरीचा दवाखाना आला. वडाच्या ढोलीत औषधाची मडकी लागली, अस्वलवैद्य येऊन बसले. आणि दाराला रानवेलीची हिरवीगार फीत बांधली गेली.

मालन पाडसाला घेऊन पोचली. त्याचे डोळे खोल गेले होते, जीभ कोरडी पडली होती. दाराशी खात्याचे सचिव सरडेराव ऊन खात बसले होते. मंत्री येऊन फीत तोडतील, मगच औषध, असं त्यांनी सांगितलं. मंत्री कधी येणार? तर आज अमावास्या, उद्या महाराजांचं ध्यान, परवा परदेशी बगळ्यांची आरोग्य परिषद.

आणि गंमत म्हणजे, मालनला ते पटलं. नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटाला हात लावू नये, हे ती आईच्या दुधाबरोबर शिकली होती. मोठ्यांच्या आधी उष्टं कसं करायचं? ती बसून राहिली. सशीण बसली, काटेरी साळू बसली. सरडेरावांनी त्यांना स्वागतगीत बसवायला लावलं. आजारी लेकरं मांडीवर घेऊन त्या बिचाऱ्या सूर लावत होत्या.

दुपारी पाडसाची मान कलंडली.

वैद्यांनी ढोलीच्या फटीतून पाहिलं. "मालनबाई, आता थांबू नका."

"मग द्या की औषध."

"फीत ओलांडायची मला परवानगी नाही हो."

मालननं सरडेरावांचे पाय धरले. सरडेराव आधी हिरवे झाले, मग पिवळे. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही एवढ्या सोवळ्याच्या. घरचा देव जेवायच्या आधी जेवता का कधी?"

 मालननं पाडसाकडे पाहिलं.

"मी नाही जेवत," ती म्हणाली. "पण लेकराला आधी भरवते. देव अजून रागावला नाही. रागावला असता, तर देव कसला? बगळाच की तो."

आणि तिनं फीत खाल्ली. करकरा. गाठीसकट.

वैद्यांनी मडकी उघडली. पाडसाला पाजलं, सशिणीच्या, साळूच्या, सगळ्यांच्या पिल्लांना पाजलं. दिवेलागणीला पाडस लटपटत उठलं आणि आईला ढुशी देऊन दूध मागू लागलं.

पुढे मंत्री आले, चोच परजून. बघतात तर फीत नाही. चौकशी बसली. फीत पोटात गेली आणि पिल्लं बरी झाली, एवढंच सरडेरावांनी सांगितलं. बाकीचं सांगायला त्यांना रंग सापडेना.

बगळेमहाराजांनी डोळे मिटले. ध्यानातच त्यांना उलगडा झाला.

"म्हणजे गुण फितीतच आहे."

मडकी राजधानीला परत गेली. मागोमाग वैद्यही गेले. जंगलोजंगली फिती वाटायची योजना निघाली. मंत्र्यांना शाल मिळाली.

पलीकडच्या जंगलातही एक दवाखाना भरल्या मडक्यांनी फीत तुटायची वाट बघत होता. तिथलीही मडकी परत मागवायचा हुकूम निघाला होता. मालनच्या कानावर ते आलं. तिनं देवापुढे मान लववली, नवा वसा घेतला: फीत दिसेल तिथं खायची. उतायचं नाही, मातायचं नाही. पाडसाला पुढे घातलं आणि ती निघाली.

खात्याचा हुकूम एका पायावर चालतो. मालनला चार होते.

तात्पर्य: आरोग्यखात्यावर श्रद्धा ठेवावी. औषध ते पाठवतंच. आपण फक्त मुहूर्त बघून आजारी पडावं, आणि दात मजबूत ठेवावेत.