खारूची चावी

फोन वाजला तेव्हा आजोबा वॉशिंग मशीनवर हात ठेवून, तोंडभर हसत उभे होते. मशीन धुवायचं काम बरं करायचं, पण कपडे पिळायची वेळ आली की स्वयंपाकघरभर नाचत सुटायचं. आजोबांना बिघडलेली वस्तू बघवत नसे. लेकीकडे येऊन त्यांना जेमतेम एक रात्र झाली होती आणि तेवढ्यात त्यांनी खिडक्यांच्या कड्या, एक ड्रॉवर आणि जावयाचा चष्मा दुरुस्त केला होता. चष्मा आधी बिघडलेला नव्हता, पण ते असो.

आज घर रिकामं झाल्याबरोबर त्यांनी मशीन लावलं, त्याचा डुगडुगणारा पाय हेरला आणि पायाखाली सारायला काहीतरी शोधू लागले. सोफ्यावर एक निळी रबरी नळी पडलेली दिसली. बोटभर लांब, गाठीगाठींची, दोरीत ओवलेली. कशातून तरी निखळली असणार! आजोबांनी दोरी काढून खिशात टाकली, नळी पायाखाली सरकवली आणि मशीन एकदम गुणी बाळ झालं. "आता कसं!" आजोबा त्याला म्हणाले. तेवढ्यात फोन.

"बाबा!" पलीकडून लेक कुजबुजत होती. ती कुजबुजली की समजायचं, आतून किंचाळतेय. "चावी घरी राहिली! लगेच शाळेत घेऊन या."

"कुठली चावी?"

"अहो खारूची! निळी! तिथेच असेल कुठेतरी. पळा हो, नाहीतर आजचं काही खरं नाही."

फोन बंद. आता आजोबांना चावी आणायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं. सगळं आयुष्य त्यांनी चाव्या करण्यात घालवलं होतं. दुकानाच्या पाटीवर नावसुद्धा नव्हतं, नुसतं 'चावीवाले'. मेणात ठसा घ्यायचा, कोरी चावी शिकंज्यात धरायची, कानस फिरवायची, आणि कितीही हट्टी कुलूप असो, त्याला 'खट्' म्हणायला लावायचं. अशा माणसाला चावीतलं कोण काय सांगणार?

पण एक गोष्ट सांगायला हवी होती आणि ती नेमकी सगळे विसरले होते.

खारू ही त्यांची सात वर्षांची नात. खरं नाव वेगळं, पण दात आल्यापासून ती खारीसारखं सगळं कुरतडायची, म्हणून खारू. शर्टाच्या कॉलर, पेन्सिली, सोफ्याचे कोपरे. रिमोटचं आवाज वाढवायचं बटण तिने इतकं चावलं होतं की त्या घरात आवाज फक्त कमी होत असे. खारू स्वमग्न होती. आवाज, गर्दी, उजेड सगळं तिच्यावर एकदम चालून यायचं, आणि दातांखाली काहीतरी घट्ट दाबलं की तिचं चित्त थाऱ्यावर यायचं. मग थेरपीवाल्या ताईंनी मुद्दाम चावण्यासाठीच बनवलेली एक निळी नळी दिली. "ही चावायची," आईने तिला सांगितलं. खारू मोजकं बोलायची. तिने तेवढ्यातला कामाचा भाग उचलला आणि म्हणाली, "चावी."

त्या दिवसापासून घरात नियमच झाला. खारूची ती चावी आणि कुलपाची ती किल्ली. सगळ्यांच्या जिभेला सवय लागली. आजोबा मात्र काल संध्याकाळी आले होते आणि रात्री जेवताना त्यांनी या विषयावर फक्त आपलं मत दिलं होतं, माहिती घेतली नव्हती. "चावणं ही सवय आहे, सवय. चार दिवस माझ्या हाती द्या पोरीला, मोडून दाखवतो की नाही बघा!" असं म्हणून त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि तिचं मागचं टोक चघळत बसले. विचार करताना त्यांना ते लागायचं.

तर आजोबा निळी चावी शोधू लागले. घराची चावी दाराशेजारच्या खिळ्याला होती. लेकीने स्वतःचीच त्यांच्यासाठी ठेवली होती, पण ती काही निळी नव्हती. शेवटी कपाटाला लावलेली एक चावी सापडली, तिला निळा दोरा होता. "ही बघ!" आजोबांनी ती उपसली आणि चपला अडकवून धूम ठोकली. मागे दार आपोआप लागलं. खट्. हा आवाज आजोबांना जन्मभर आवडत आला होता, त्यामुळे त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

शाळा दोन गल्ल्या सोडून होती. लेक वर्गाबाहेर येरझारा घालत होती.

"आणलीत? द्या!" तिने हात पुढे केला, आणि मग हाताकडे बघत राहिली. "हे काय?"

"चावी. निळ्या दोऱ्याची."

"बाबा, ही किल्ली आहे!"

"तेच म्हणतोय मी. चावी."

"अहो, किल्ली म्हणजे किल्ली! मला चावी हवीय. खारूला!"

"खारूला कपाट उघडायचंय?"

चावी हा शब्द ऐकून शाळेचा शिपाई भला मोठा जुडगा खुळखुळवत आला. "चावी पाहिजे का? कुठली?"

"चावायची!" लेक रडकुंडीला येऊन म्हणाली.

शिपायाने जुडगा वरपासून खालपर्यंत चाळला. "तसली खोली आपल्याकडे नाही, बाई," तो म्हणाला.

लेकीने डोळे मिटले, उघडले आणि तान्ह्या बाळाला समजावावं तसं वडिलांना सांगू लागली. "बाबा, एक निळी नळी. रबरी. गाठी गाठी आहेत. दोरीत ओवलीय. खारू ती चावते, म्हणून ती चावी."

आजोबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "बोटभर लांब?"

"हो!"

"सोफ्यावर होती?"

"हो! पाहिलीत तुम्ही?"

"पाहिली," आजोबा म्हणाले. नंतर तिचं काय केलं, ते सांगण्याची ही वेळ नव्हे असं त्यांना वाटलं.

लेकीने त्यांना दंडाला धरून वर्गाच्या खिडकीशी नेलं. आत खारू दुसऱ्या बाकावर बसली होती. कॉलरचं एक टोक ओलंचिंब होऊन लोंबत होतं, दुसरं तोंडात होतं. पण तिची नजर होती पुढच्या मुलीच्या वेणीवर. जाड, काळीभोर, टोकाला रिबीन बांधलेली वेणी.

"आधीच्या शाळेने वेणीवरूनच नाही म्हटलं," लेक म्हणाली. "त्याच्या आधीच्या शाळेने बाईंच्या पर्सवरून. इथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक सकाळ बसू दे वर्गात, मग बघू. ही सकाळ गेली ना बाबा, तर आता विचारायला चौथी शाळा नाही." तिचा आवाज फुटला. आजोबांनी लेकीला असं रडताना तिच्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

"आलोच!" म्हणाले आणि या वयात पळू नये इतक्या जोरात पळाले.

दाराशी आले, खिशात हात घातला, आणि तेव्हा त्यांना तो 'खट्' आठवला. घराची चावी आत, खिळ्याला. हत्यारांची पेटी आत, पलंगाखाली. ज्याने अख्ख्या गावाची दारं उघडून दिली, तो चावीवाला लेकीच्या दाराबाहेर हात हलवत उभा! आजोबांनी दार ढकललं, खांद्याने रेटलं, मग त्याला दोन शिव्या हासडल्या. शेजारचं दार उघडलं. काकू बाहेर आल्या, हातात लाटणं घेऊन.

"कोण तुम्ही? काय चाललंय?"

"मी हिचा बाप. चावी आणायला आलोय."

"मग उघडा की दार."

"चावी आत राहिलीय."

"कुठली चावी आणायला आलात?"

"ती पण आतच आहे. पण ही चावी म्हणजे किल्ली, आणि मला हवी ती चावी म्हणजे... अहो ताई, मशीनच्या पायाखाली आहे!"

काकूंनी लाटणं जरा वर उचललं. आजोबांनी हात जोडले. "खारूच्या शाळेचा प्रश्न आहे हो. एखादं पातळ, लवचीक प्लास्टिक आहे का घरात? जुना एक्स-रे वगैरे?"

खारूचं नाव निघताच काकूंचं लाटणं खाली आलं. आत जाऊन त्या एक मोठं पाकीट घेऊन आल्या. "माझा उजवा गुडघा आहे. जपून वापरा, डॉक्टरांना परत दाखवायचाय."

आजोबांनी तो गुडघा दाराच्या फटीत सरकवला, थोडा तिरका केला, एक झटका दिला. खट्! दार उघडलं. काकू आधी खूश झाल्या आणि मग त्यांनी वळून स्वतःच्या दाराकडे संशयाने पाहिलं.

मशीन अजून पिळतच होतं. आजोबांनी वाकून पायाखालची नळी ओढली, आणि इतका वेळ दाबून ठेवलेला राग मशीनने एकदम बाहेर काढला. ते उसळलं, फिरलं आणि आजोबांच्या मागे लागलं. आजोबा ओट्याकडे, मशीन ओट्याकडे. मागचा पाण्याचा पाइप निसटला आणि कारंजं थेट आजोबांच्या तोंडावर. "बटण! बटण!" काकू दारातून ओरडल्या. आजोबांनी कसंबसं बटण गाठलं, नळ बंद केला आणि निथळत उभे राहिले.

नळी त्यांनी साबणाने घासली, गरम पाण्याने धुतली, परत घासली. पुसताना ती उजेडात धरली तेव्हा त्यांना तिच्यावरच्या खुणा दिसल्या. बारीक बारीक दातांच्या, एका ओळीत, जिथे गाठ येते तिथे जास्त खोल. आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली आणि शेजारी धरली. मागचं टोक तसंच होतं. दात तेवढे मोठे. उभ्या आयुष्यात अशा किती पेन्सिली संपवल्या, आणि सवय मोडायची भाषा कोणाला करत होतो आपण, या विचाराने त्यांना फार लाज वाटली. त्यांनी खिशातली दोरी नळीत ओवली, पक्की गाठ मारली आणि परत धावत सुटले. मागे दार लागलं. खट्.

शाळेत शिपायाने त्यांना पाहिलं आणि अडवायचा विचार सोडून दिला. वर्गाच्या दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या, लेक त्यांच्या मागे. आत खारू बाकावर पुढे झुकली होती. रिबीन तिच्या ओठांपासून बोटभर दूर होती.

"खारू," आजोबा म्हणाले. "चावी."

खारू वळली. ओले आजोबा बघून सगळा वर्ग हसला, पण खारूला आजोबा दिसतच नव्हते. तिला फक्त नळी दिसत होती. तिने ती गळ्यात घातली, दातांखाली धरली, आणि तिचे कानांपर्यंत चढलेले खांदे सावकाश खाली आले. वेणीवाली मुलगी मागे वळली. "काय आहे ते?"

"चावी," खारू म्हणाली.

"बरं," असं म्हणून ती मुलगी परत फळ्याकडे वळली. बस्स, एवढंच. मोठी माणसं उगाच घाबरून मरत होती.

मग बाहेरच्या बाकावर बसून वाट बघणं आलं. लेक नखं खात होती. आजोबांच्या तोंडात पेन्सिल होती. शाळा सुटली तशी खारू पळत आली, आजोबांसमोर उभी राहिली आणि त्यांच्या तोंडातली पेन्सिल तिने सरळ उपटून काढली.

"लाकूड नाही," ती म्हणाली. अगदी आईच्या आवाजात.

मागोमाग मुख्याध्यापिका आल्या. "छान बसली. उद्यापासून पाठवा," त्या म्हणाल्या. लेक नुसती मान हलवत आणि डोळे पुसत राहिली. मुख्याध्यापिका दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "ते निळं... मोठ्यांसाठी मिळतं का हो?" आणि त्यांनी हातातलं पेन घाईने पाठीमागे लपवलं. त्याच्या टोपणाचा पार चोथा झालेला होता.

घरी येताना तिघं रस्ता आपल्या मालकीचा असल्यासारखी चालली. दाराशी आल्यावर लेकीने हात पुढे केला. "किल्ली द्या, बाबा."

आजोबांनी एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग परत पहिला.

"चावी," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "चावी आतच राहिली गं."

लेकीने कपाळावर हात मारला. खारूने मात्र वर पाहिलं. तोंडातली नळी काढली, बाहीला पुसली, दोरी डोक्यावरून काढली आणि आजोबांपुढे धरली. दिवसभर जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ती वस्तू तिने आपण होऊन दिली.

"घे," ती म्हणाली.

शेजारचं दार उघडलं. काकू उजवा गुडघा घेऊन तयारच होत्या. आजोबांनी त्यांना थांबा अशी खूण केली, गुडघे टेकून दारासमोर बसले, नळी उजेडात धरून तिच्या खाचा नीट निरखल्या आणि अगदी गिऱ्हाइकाच्या कामाइतक्या गंभीरपणे ती कुलपाला लावून पाहिली.

"इथे नाही बसत गं," ते म्हणाले.

खारूने वाकून स्वतः खात्री करून घेतली. मग नळी परत घेतली आणि तोंडात धरली.

"इथे बसते," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

"मग चावी चोख आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी एक्स-रेसाठी हात पुढे केला.