परचुरेकाकांच्या बॉयलरची वाटी

इकडे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीत, आमचे शेजारी परचुरेकाका रोज सकाळी मफलर गुंडाळून मागच्या अंगणात जातात आणि घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरच्या नळीखाली ठेवलेल्या वाटीत डोकावतात. वाटी स्टीलची, आमटीची. तिच्यात थेंब पडत असले की काका खूश. नसले, तर कुंपणापलीकडून हाक येते, "अगं, तुमचा गळतोय का बघ जरा."

लोक गळायला लागलं म्हणून घाबरतात. हे गळत नाही म्हणून.

यामागचं शास्त्र मला तोंडपाठ आहे, कारण लॉकडाऊनमध्ये पळून जायला जागाच नव्हती. खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये कोमट पाणी खेळवलं की ते गार होऊन परत येतं. त्या गारव्याने बॉयलरच्या धुरातली वाफ निवते, तिची उष्णता घरात राहते आणि तिचं पाणी थेंब थेंब बाहेर पडतं. पाणी कडक तापवलं तर वाफ तशीच आभाळात जाते. "बॉयलरच्या पाटीवर छापलेली कार्यक्षमता म्हणजे लग्नातला फोटो," काका म्हणतात. "रोजचं खरं थेंब सांगतो."

एकदा सर्व्हिसला आलेला माणूस "नो वरीज, मेट" म्हणून गेला, तर काका आठवडाभर अस्वस्थ. "वरी नाही कशी? त्याने परतीच्या पाइपला हातसुद्धा लावला नाही."

मालतीकाकूंना थंडी अजिबात सोसत नाही. त्या हळूच नॉब वाढवायच्या, काका वाटी बघून चोरी पकडायचे, आणि भांडण आम्हाला फुकट ऐकायला मिळायचं. मग काकू बहिणीकडे पुण्याला गेल्या आणि इकडे सीमा बंद झाल्या. तिकडे दुसरी लाट आली. काकांच्या हाका वाढल्या, आणि खरं सांगते, मी कधीकधी मीटिंगचं निमित्त करून टाळायचे.

एका सकाळी हाक आलीच नाही. मास्क लावून कुंपणाशी गेले तर वाटी कोरडी, खिडक्यांवर वाफ, आणि त्या कडाक्यात काका अर्ध्या बाहीच्या शर्टात उभे.

"काका, बॉयलर बिघडला?"

"नाही. मीच वाढवलाय. फुल."

मी कुंपणाच्या आणखी जवळ सरकले.

"तिला कोविड झालाय. ऑक्सिजन लावलाय," ते म्हणाले. "ताप चढताना हुडहुडी भरते. काल फोनवर दात वाजत होते तिचे. मी इथून काय करू, सांग ना."

"अहो काका, पण..."

"कार्यक्षमता शून्य आहे. कळतं मला."

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी नुसता पोह्यांचा डबा कुंपणावर ठेवून आले.

मग मलाच ती वाटी बघायची सवय लागली. लॅपटॉप उघडायच्या आधी कुंपणाशी जायचे. वाटी कोरडी. त्यांच्या घरात फोन वाजला की माझे हात थांबायचे.

एकदा चहाचा थर्मास घेऊन गेले तर पलीकडून टप् असा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा. काका मफलर गुंडाळून वाटीशी वाकले होते.

"ताप उतरला," ते म्हणाले. "व्हिडिओवर मला बघून रागावली. म्हणाली, केवढे घामाघूम झालायत, कमी करा तो बॉयलर." मग म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली गं, कमी करा."

चष्मा पुसायला ते पाठमोरे झाले. मी उगाचच आमच्या नळीकडे बघत उभी राहिले.