काय मिळंना गेलंय?

आमचे साडू मन्मथअप्पा कुणाच्याही घरी गेले की दारात चपला काढता काढताच विचारतात, "काय मिळंना गेलंय?" तब्येत कशी, पोरं कुठं असतात, पाऊसपाणी काय म्हणतंय, हे सगळं मागाहून. एकदा ते कुणाच्या तरी मयतीला भेटायला गेले होते आणि तिथंही सवयीनं तोंडातून निघून गेलं. त्या घरच्या म्हातारीनं डोळे पुसत सांगितलं, "ह्यांच्या काठीचं रबरी बूच मिळंना गेलं होतं." तेराव्याच्या आत अप्पांनी बूच आणून दिलं. काठी आता म्हातारी वापरते.

अप्पा नांदेडला तरोडा नाक्याकडे राहतात आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. कुकरच्या शिट्टीचा दांडा, नळाचा वायसर, कुणाच्या तरी चष्म्याची तुटकी काडी असा ऐवज असतो. माणसं त्यांच्याकडे मोडकी वस्तू देतात आणि अप्पा तिची जोडीदारीण सापडेपर्यंत इतवारा, वजिराबाद, श्रीनगर पालथं घालतात. शोभाताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणते, "यांचा शर्ट धुवायला टाकायचा तर आधी भंगारवाल्याला दाखवावा लागतो."

हे असंच चाललं असतं तर बरं होतं. पण एक दिवस अप्पा पहिल्या गाडीनं लातूरला आमच्या घरी आले. मी पेपर वाचत होतो. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि त्यावरच बसले.

"साडूभाऊ, गावात सगळं असतंय. कुठं हाय एवढंच माहीत नसतंय. गिऱ्हाईक इकडं फिरून राहिलंय, माल तिकडं धूळ खाऊन राहिलाय. दोघांची गाठ घालून द्यायची. ॲप काढायचं."

ॲपचं नावही ठरलं होतं, 'काय मिळंना'. माझी बायको म्हणाली की अशा नावाच्या दुकानाची पायरी मी तरी चढणार नाही. अप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. वस्तूचं नाव टाकायचं, की ती कोणत्या गल्लीत, कोणत्या दुकानात, कोणत्या फळीवर आहे ते दिसलं पाहिजे. फळीवर त्यांचा फार जोर. या योजनेत मला तांत्रिक प्रमुख नेमण्यात आलं. माझं तंत्रज्ञान म्हणजे मोबाईल अडकला की बंद करून पुन्हा चालू करणे. पण कॉलनीत टँकर आल्याचं कळावं म्हणून मी एकदा मोबाईलवर ग्रुप काढला होता आणि तो अजून भांडणाशिवाय चालू होता. अप्पांच्या दृष्टीनं ही पदवीच होती.

ॲप बनवणाऱ्याच्या ऑफिसात जो खर्च सांगण्यात आला तो ऐकून आम्ही दोघंही तिथून चहा न घेता निघालो. मग ठरलं की आधी ग्रुपवर चाचणी घ्यायची. अप्पा आणि मी लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकानं धरत फिरू लागलो. "गोलाई देवानं ॲपसाठीच बांधलीय," असं ते म्हणत. मध्ये उभं राहिलं की चहूकडे रस्ते आणि रस्त्यांवर दुकानं. अप्पा दुकानात शिरत, योजना सांगत, दुकानदाराचा चहा पीत, त्याचा नंबर माझ्याकडून ग्रुपात टाकून घेत. आणि उठता उठता प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत.

"डाव्या पायाची लहान आणि उजव्या पायाची मोठी, असा चपलांचा एक जोड मिळंल का?"

चपलांच्या दुकानात ठीक होतं. पण अप्पा हे खताच्या दुकानातही विचारत. पत्रिका छापणाऱ्याला विचारत. मला दर वेळी कुठं बघावं कळत नसे, म्हणून मी पंख्याकडे बघे. बाहेर आल्यावर मी एकदा म्हणालो, की अप्पा, हे काय? ते म्हणाले, "बघून राहिलो, कोण न्हाई म्हणतंय का."

कुणी म्हणत नसे. आमच्याकडच्या दुकानदारांची ही रीत आहे. पायरीवर आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं म्हणजे घरी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. खतवाला म्हणाला, "बघू की. पुढच्या हप्त्यात चक्कर टाका." पत्रिकावाला म्हणाला, "करून देऊ." हा प्रश्न म्हणजे अप्पांची दुकानदार जोखायची परीक्षा असावी असं मी समजलो.

दसऱ्याला सगळे आमच्याकडे जमले होते. अप्पांनी आपट्याची पानं देताना चौथ्यांदा फळीचा विषय काढला, तेव्हा शोभाताईचा संयम सुटला. "दिवाळीच्या आत एकदा काय ते करून दाखवा. जमलं तर मी स्वतः दुकानं धरत फिरीन. न्हाई जमलं तर पुन्हा या तोंडातून ॲप हा शब्द निघायचा न्हाई."

"हाव. कबूल," अप्पा म्हणाले. इतक्या चटकन, की मलाच घाबरल्यासारखं झालं. अप्पा शब्दाचे पक्के आहेत. एकदा चिडून वांगं खाणार नाही म्हणाले, ते आजतागायत खात नाहीत, आणि वांगं त्यांना फार आवडतं.

दिवाळीआधीचा रविवार ठरला. वस्तू माझ्या बायकोनं दिली. तिच्या आईचा पितळी सोऱ्या आहे, त्याची चकलीची चकती हरवलेली. नव्या चकत्या त्यात बसत नाहीत, सैल होतात. गोलाईच्या मधोमध बाकावर बसून मी ग्रुपवर टाकलं: जुन्या पितळी सोऱ्याची, मोठ्या मापाची चकलीची चकती कुणाकडे आहे?

मोबाईल थरथरायला लागला. हाय. हाय. हाय, या. आहे, मिळेल. हाय. खतवाल्यानंही 'हाय' टाकलं. अप्पा उठून उभे राहिले. "सांगत न्हवतो? सांगत न्हवतो मी?" त्यांचा आवाज एवढा चढला की शेजारी केळी घेणारी बाई केळी ठेवून आमच्याकडे बघू लागली.

पहिल्या दुकानात मालकानं या बसा केलं, चहा सांगितला आणि कुणाला तरी डोळ्यानं खूण केली. तो मागच्या दारानं गेला. चकती येईना. दुसऱ्यानंही 'हाय' म्हटलेलं, त्याच्याकडे न जाणं बरं दिसेना, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तिथंही बसा, चहा, खूण, मागचं दार. तिसऱ्याकडे तेच. चौथ्याच्या मागच्या दारातून निघालेल्या माणसामागं मीही निघालो, कारण चहा आता माझ्या गळ्याशी आला होता.

तो माणूस भांड्यांच्या बोळात एका कल्हईच्या दुकानाशी थांबला. तिथं एक म्हातारे चाचा कपाळाला हात लावून बसले होते. अख्ख्या बाजारात तसली चकती त्यांच्याकडेच होती, तीही एकच, आणि ते आमच्या ग्रुपात नव्हते, कारण त्यांचा मोबाईल बटणांचा. "चकती तो एकच थी मियाँ," ते मला म्हणाले. "सुबू से पूरी गोलाई उसके पीछे पड़ी. शादी है क्या किसी की?"

मग उलगडा झाला. चकती पहिल्या दुकानदारानं नेली होती. दुसऱ्याचा माणूस आला तेव्हा चाचांनी त्याला पहिल्याकडे पाठवलं. शेजाऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून पहिल्यानं ती दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आम्ही गोलाईला फेरी मारत होतो आणि चकती एक दुकान मागून आमच्यामागं फेरी मारत होती. शेवटी तिनं आम्हाला बाकावर गाठलं. तीन दुकानदार मिळून घेऊन आले होते आणि तिघेही म्हणत होते, "माझ्याकडंच व्हती."

घरी नेल्यावर ती सोऱ्यात बसणार होती, माप बरोबर होतं. मी खूश होतो. अप्पा मात्र बाकावर बसून राहिले होते.

"फसलं, साडूभाऊ. सगळ्यांकडंच सगळं हाय म्हणल्यावर ॲपनं दाखवायचं काय?" ते हसले. "शोभीला फोन लावा. जिंकली म्हणावं." मी नंबर काढला, तेवढ्यात त्यांनी हात धरला. "थांबा. एक शेवटचं टाका ग्रुपवर. उजवा पाय लहान आणि डावा मोठा, असं माणूस कुणाच्या गिऱ्हाइकात हाय का?"

मी म्हणालो, "अप्पा, उलटं झालं. तुम्ही नेहमी डावा लहान विचारता."

"आज उलटंच विचारायचं हाय," ते म्हणाले आणि त्यांनी सांगितलं.

त्यांची थोरली बहीण, अक्का, किनवटला एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक बघायची. लहानपणीच्या पोलिओनं तिचा डावा पाय बारीक राहिलेला. पहिल्या पगारापासून अप्पा तिला चपला घेतात. दोन मापांचे दोन जोड घ्यायचे, एकाची डावी, दुसऱ्याची उजवी तिला द्यायची. उरलेल्या घरी माळ्यावर. मागं अक्का नांदेडला आली, तिनं तो माळा बघितला आणि खाली बसली. म्हणाली, मन्मथा, ह्या इतक्या कुणाच्या तरी पायात गेल्याबगर मी आता नवी घालणार न्हाई. "तवापासून जुन्यात कापड कोंबून चालून राहिली. मला वाटलं ॲप निघालं तर तिच्या उलट्या पायाचं कुणीतरी घावंल. शोभीला हे ठाव न्हाई. तिला वाटतं त्या माळ्यावर माझं भंगार हाय."

मी मजकूर टाकला. मोबाईल गप्प. ज्या ग्रुपात खतवाल्याकडेही चकती होती, तिथं कुणी काही बोलेना. मी मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. मग चपलांच्या दुकानवाल्याचं उत्तर आलं: "नाही. पण विचारतो." त्याच्यामागं पत्रिकावाल्याचं, "माझ्याकडं नाही. गावाकडं विचारतो." मग एकामागून एक, नाही, नाही, नाही. खतवालासुद्धा नाही म्हणाला.

अप्पांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि वाचत राहिले. "बघा साडूभाऊ," ते म्हणाले, "खरं बोलून राहिले लोक."

दिवाळी झाली. अप्पांनी शब्द पाळला, ॲप म्हणाले नाहीत, 'ते' म्हणू लागले. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास चपलांच्या दुकानवाल्याचा मला फोन आला. चाकूरला एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या, निर्मलाबाई. दर दोन वर्षांनी त्याच्याकडून दोन मापांचे दोन जोड नेत. का नेतात ते त्यानं आजवर विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं.

आम्ही माळ्यावरच्या चपलांचं पोतं घेऊन चाकूरला गेलो. शोभाताईही होती, अप्पांनी तिला अखेर सगळं सांगितलं होतं; पोतं तिनंच भरलं होतं आणि प्रत्येक चप्पल पुसून घेतली होती. निर्मलाबाईंनी पोत्यात हात घालून एक तपकिरी जोड काढला, पायात घातला आणि ओट्यावरून खाली उतरून अंगणात चालून आल्या, खाली न बघता. मग त्या आत गेल्या आणि पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढत आणली. पेटीत चपला होत्या. डाव्या लहान, उजव्या मोठ्या.

शोभाताईनं किनवटला फोन लावला आणि अप्पांच्या कानाशी धरला.

"अक्का," ते म्हणाले, "घावलं माणूस. आता तू नवी घाल. मी उद्याच दोन जोड घेऊन राहिलो, त्यातला एक बाईला."

तिकडून अक्काचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"घाई करू नको. आधी तिला रंग विचार."