गट दोनला सल्ला देऊ नये

शाळकरी पोरांना वेळेवर योग्य सल्ला मिळाला नाही तर राष्ट्राचं अपरिमित नुकसान होतं, हे सर्व सुशिक्षितांना मान्य आहे. प्रश्न एवढाच उरतो की नुकसान किती टक्के. बहात्तर साली ते मोजण्याचं भाग्य मिरजगावाकडच्या एका हायस्कुलातल्या गहिनीनाथ सरांच्या वाट्याला आलं.

सर गणित शिकवायचे आणि एम.एड.साठी शालेय समुपदेशनावर प्रबंध लिहीत होते. समुपदेशन म्हणजे पोराला जवळ बसवून त्याची अडचण ऐकायची आणि वाट दाखवायची. सर हे चार वर्षं व्हरांड्यात उभ्या उभ्या करत आले होते, पण त्याला समुपदेशन म्हणतात हे त्यांना नगरला गेल्यावर कळलं. (कळल्यावर त्यांनी ते बंद केलं.)

नगरला त्यांचे मार्गदर्शक होते प्राध्यापक राधाकृष्ण सरवदे. नवख्या संशोधकांना घडवण्यात सरवदेंचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. त्यांच्या हाताखाली अकराजण घडले होते, आणि त्यांपैकी एकही पुन्हा पोरांत बसलेला कोणी पाहिला नाही. सरवदेंनी आखून दिलं: अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, ऐंशी मुलं घ्या. चाळीस गट एकमध्ये, त्यांना सल्ला द्यायचा. चाळीस गट दोनमध्ये, म्हणजे नियंत्रित गटात; त्यांना वर्षभर कसलाही सल्ला द्यायचा नाही. मानही हलवायची नाही. वर्षाअखेर दोन्हीकडची गळती मोजायची.

गट एकचं काम झोकात झालं. पुंजारामला फुलं आवडतात असं कलचाचणीत निघालं, म्हणून त्याला उद्यानशास्त्राकडे वळण्याचा छापील सल्ला मिळाला. गावाला प्यायचं पाणी तेव्हा टँकरनं येत होतं. पुंजाराम चिठ्ठी खिशात घालून खडी फोडायला गेला, पण तो सल्ला घेऊन गेला, हे महत्त्वाचं.

पंचाईत केली ती गट दोनमधल्या चांगुणेनं. गणितात ती वर्गात पहिली. बोर्डाचा फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा होता, आणि बुधवारी ती सरांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"सर, बा म्हनतो फारम भरू नको, दुष्काळी कामावर नाव लाव. तो आनि कुनाचंच ऐकत न्हाई, तुमचं ऐकतो. तुमी भर म्हनला तर भरू देईल. भरू का?"

उत्तर सरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, वही उघडली आणि लिहिलं: 'प्रयुज्य क्रमांक तेवीस. अस्वस्थ.' (ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला प्रयुज्य म्हणतात. असं म्हटलं की त्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.)

शाळेचा शिपाई बाबाजान दारातून हे पाहत होता. "सर, नुसतं व्हय म्हना की. तुमचं काय जातंय?"

बाबाजान चौथीपर्यंत शिकलेला, त्याला नियंत्रित गट काय कळणार! संध्याकाळी तो स्वतः चांगुणेच्या बापाकडे गेला. बापानं चहा पाजला आणि म्हणाला, "मास्तर काय बोलला न्हाई, मंग शिपायाचं काय ऐकू?"

सरांना मात्र रात्रभर झोप लागली नाही. लाजच वाटत होती त्यांना. गुरुवारी रजा टाकून ते एस.टी.नं नगरला गेले. सरवदेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गहिनीनाथ, तुमची तळमळ मला समजते," ते म्हणाले. "पण तिला बोललात की गट दोन चाळीसचा एकोणचाळीस होणार. एकोणचाळीसची टक्केवारी सुबक येत नाही हो. बाह्य परीक्षक काय म्हणतील?"

मार्गदर्शन म्हणतात ते हे. सरांची सगळी घालमेल एका वाक्यात मिटली, आणि परतीच्या गाडीत त्यांना छान डुलकी लागली.

शनिवार आला आणि गेला. सोमवारी चांगुणा खडीवर होती.

प्रबंध उत्तम झाला. गट एकमधून चोवीस मुलं गळाली, म्हणजे साठ टक्के. गट दोनमधून सव्वीस, म्हणजे पासष्ट. समुपदेशनाअभावी राष्ट्राचं नुकसान नेमकं पाच टक्के होतं, हे जिल्ह्यात प्रथमच सिद्ध झालं. त्या पाचातले अडीच टक्के एकट्या चांगुणेचे. प्रबंधाच्या आभाराच्या पानावर सरवदे आहेत, टंकलेखक आहे, एस.टी. महामंडळसुद्धा आहे. प्रयुज्यांचे आभार मानायची पद्धत नाही.

गहिनीनाथ सर पुढे सरवदेंच्याच महाविद्यालयात लागले आणि आता स्वतः नवखे संशोधक घडवतात. त्यांना दरसाल नवी माणसं लागतात, आणि निवडीची कसोटी सोपी आहे. वाचकहो, वर चाळीसातले सव्वीस म्हणजे पासष्टच ना, हे तुम्ही मनातल्या मनात ताडून पाहिलंत. ती पोर पुढे कुठे गेली, हे तुमच्या मनात आलं नाही. तुमचा अर्ज मंजूर झाला आहे.