वाऱ्याचें एक तख्त : द्रागोव विमानतळाची मोहीम

आद्रियाटिक दर्यांत द्रागोव बेट, बेटावर विमानतळ, आणि विमानतळावर वाऱ्याचीं तीन राज्यें. तीं मोडून एक तख्त कैसें स्थापिलें, तें ज्यांस विदित नाहीं त्यांणीं सावधचित्तें परिसावें.

पूर्वीं धावपट्टीस वारा मोजणारे खांब तीन. एक विमानतळाचा पश्चिमेस, एक हवामानखात्याचा अग्निशामक ठाण्यापाशीं, आणि एक टेकडीवर लष्कराचा. तिघांचे आकडे तीन. वैमानिकानें वारा पुसावा, तों विमानतळाच्या नियंत्रण-बुरुजावरून जाब यावा, “कुणाचा सांगू?” मग राजधानीहून फर्मान सुटलें कीं, नवीं यंत्रें बसवून दोन खांब एका जाळ्यांत जोडावे, लष्कराचा बाद करावा, आणि दोहोंचा आकडा जुळेल तरच हिवाळी विमान उतरेल, न जुळे तर बेटानें बोटीचा आसरा धरावा. आणि बुरा म्हणोन जो डोंगरावरून कोसळणारा वारा, तो सुटला म्हणजे बोटही बंद, आणि बेट साऱ्या जगापासोन तुटलें, हा मजकूर राजधानीच्या खिजगणतींत नव्हता.

तेव्हां हवामानकक्षाच्या मुख्य, मेघपरीक्षक, अखंडकॉफीप्राशक नेवेंका श्कारिकाबाई यांणीं कंबर बांधली. राजधानीचे यंत्रविशारद टिहोमिर सरंजामासुद्धां दाखल जाहले, आणि खांबांवर नवीं यंत्रें चढलीं, आणि तारा जोडल्या, आणि बुरा सुटला. पश्चिमेचें यंत्र वदलें, तुफान. ठाण्याचें यंत्र वदलें, मंद झुळूक. आणि त्याच ठाण्याचें वाळत घातलें धुणें उडोन दर्यास मिळालें.

“बाई, यंत्र ठीक आहे. मी पुन्हा पुन्हा तपासलंय,” टिहोमिर म्हणाला.

“मग वारा खोटं बोलतो का रे?”

“पण वर ती गाठोडी कसली? विजेपासून बचावाची असतील, म्हणून मी हात नाही लावला.”

बाईंनीं दुर्बीण लाविली, तों मुखाचा रंग पालटला. यंत्रास चहूंकडोन वेढा देऊन, जाळींत गुंडाळलेल्या, मिठांत मुरवलेल्या डुकराच्या मांड्या, ज्यांस त्या मुलुखीं पर्शुत म्हणतात, त्या वाऱ्यावर सुकत होत्या. बाई तडक ठाण्यावर चालोन गेल्या. तेथें अग्निदलाचे सरदार बेपो शेगडीपाशीं निवांत.

“बेपो! माझ्या यंत्राला मांड्या बांधल्यास?”

“ओरडू नका बाई. बेटावर चोख वारा कुठं, हे सरकारनंच मोजून ठरवलंय. मग मी दुसरीकडं कशाला टांगू?”

“एवढ्या उंच चढवल्यास कशा?”

“गाडीच्या शिडीनं. सराव नको का माणसांना?”

“उतरव आत्ताच्या आत्ता!”

“अर्धवट सुकल्यात. आत घेतल्या तर नासतील. त्यापेक्षा तुमचं विमान नासू दे.”

ऐसा पेंच पडला. विमान राखावें तर मांड्या जाती, मांड्या राखाव्या तर हिवाळा जातो. बळें उतरवाव्या, तर शिडी बेपोच्या ताब्यांत. मग बाईंनीं मसलत केली, आणि बेपोस टेकडीवर नेलें, आणि तहाचीं कलमें सांगितलीं कीं, लष्कराचा जो खांब बाद जाहला, तो वायुसेवेंतून मुक्त करोन मांससेवेंत रुजू करावा. बेपोनें ठाण्याचा खांब बिनशर्त खाली करावा.

बेपोनें बोट ओलें करोन वर धरिलें, आणि डोळे मिटले. “बाई, हा वारा तर खालच्याहून सरस आहे हो! लष्करानं इतकी वर्षं फुकट घालवला.”

तह जाहला. मांड्या अग्निशामक गाडींतून, दिवे लावून, भोंगा वाजवीत, मोठ्या इतमामानें टेकडीवर रवाना जाहल्या. त्याउपरि बुरा पुन्हां सुटला, आणि दोन्हीं यंत्रांनीं एकच आकडा सांगितला. टिहोमिरानें तो तीनदां पाहिला, मग बाईंकडे पाहिलें, मग मंजुरीचा शिक्का मारला. आणि विमान बुऱ्याच्या नाकावर टिच्चून येऊन धावपट्टीस ऐसें टेकलें कीं, बुरुजावर टाळ्या पडल्या आणि बाईंनीं डोळे पुसले.

दार उघडलें, आणि सर्वांआधीं उतरले बेपोचे दोघे मेहुणे, बायकामुलांसह, हातीं मोठाल्या रिकाम्या पिशव्या.

“बाई,” बेपो हळूच म्हणाला, “गेल्या हिवाळ्यात विमान नव्हतं, बोटही बंद, पाहुणा एक नाही. काय सुखाचा गेला होता!”

येणेंप्रमाणें द्रागोवीं वाऱ्याचें तख्त एक जाहलें, हिवाळी मार्ग खुला जाहला, फत्ते नेवेंकाबाईंची नोंदली. टेकडीचा गड मात्र तेच सायंकाळीं पाहुण्यांच्या वेढ्यांत पडला. जें घडलें तें लिहिलें. आगळें एक अक्षर नाहीं.