ओन्लीला कुठे बसवायचं

इंग्रजीत पत्रिका छापली की तिच्यातली क्रियाविशेषणं लग्नाला येतात, आणि त्यांचा मानपान मुलीकडच्यांना करावा लागतो. आमच्या बार्शीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी माझ्या भावानं, दिगंबरनं, आपल्या लेकीच्या, शलाकाच्या, लग्नाची पत्रिका इंग्रजीत छापली. का, तर विहीणबाईंचं तसं म्हणणं पडलं. उद्या त्या म्हणाल्या की दिगंबरराव, स्टेशनात डोक्यावर उभे राहा, तर हा टोपी काढून विचारेल, कोणत्या फलाटावर.

मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे या मंडळींना चांगली ओळखून आहे. मराठी पत्रिका असती तर आपला आवर्जून आला असता. माझ्या लग्नात तोच होता. आवर्जून या म्हणा नाहीतर या आवर्जून म्हणा, तो कुठेही बसतो, आणि पंगत बसली की उठून वाढायला लागतो. या वेळी त्याला बोलावणंच नव्हतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच.

आधी कॉर्डियली आला, जोडीनं. बायकोचं नाव इन्व्हाईट. नाश्त्याच्या वेळी माझ्या भावजयीनं, कुमुदनं, आपल्या रीतीप्रमाणे त्याला पुरुषांच्या पंगतीत बसवलं आणि तिला बायकांच्या. झालं, कॉर्डियली पाटावरून उठला.

"मी इन्व्हाईटशेजारीच बसतो," तो म्हणाला.

"अहो, शेजारी मोघेकाका आहेत. बोलायला चांगले आहेत."

"कॉर्डियली मोघे असं तुम्ही कधी ऐकलंय का, बाई?"

कुमुदनं ऐकलं नव्हतं. तिनं माफी मागितली आणि बायकांच्या पंगतीत त्याला जागा केली.

काईंडली म्हणाला, माझा मान पहिल्या पाटाचा, मी मध्ये बसलो तर अपमान होतो. हायलीचं आणखी वेगळं. नवऱ्यामुलाच्या नावापुढे विहीणबाईंनी 'हायली क्वालिफाइड' छापून घेतलं होतं, त्यातला हा. क्वालिफाइडला वाटेत उशीर झालेला. तोवर कुमुदनं हायलीला आमच्या सांगलीच्या पाहुण्यांशेजारी बसवलं, तर हा म्हणतो, "ही माणसं दमलेली आहेत, भुकेलेली आहेत. अशांच्या शेजारी व्हेरी बसतो. मला निदान रिकमेंडेड कोणीतरी द्या." सांगलीची माणसं रात्रभर एसटीत बसून आली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हटलं, उभ्यानं खा. त्यानं खाल्लं.

सगळ्यात शेवटी ओन्ली आला, एकटाच. किरकोळ अंगाचा, हसतमुख. जागेची तक्रार नाही, दाखवाल तिथे बसतो. आणि हाच खरा धोक्याचा. ओन्ली ज्याच्या लगत बसतो तेवढंच उरतं, बाकीचं जातं. कुमुदनं त्याला विहीणबाईंच्या बाजूला बसवलं, आणि त्याच क्षणी सगळ्या ताटांतलं उपीट नाहीसं झालं. फक्त विहीणबाईंच्या ताटात होतं. त्यांनी ते सावकाश संपवलं, वर चटणी मागितली. दिगंबर हात जोडून उभा. त्याचे हात देवानं जोडूनच पाठवलेत.

उपीट गेलं तर गेलं, पण विहीणबाईंना त्यातून युक्ती सुचली. पाटावरून उठून त्या माझ्याकडे आल्या.

"आत्याबाई, मंगलाष्टकांना ओन्लीला आमच्या मिहिरच्या लगत बसवा."

"का?"

"म्हणजे पुढे वाद नकोत. नोकरी मिहिरची, घर मिहिरचं, मर्जी मिहिरची. शलाकाला उगीच बार्शीत अडकल्यासारखं वाटायला नको."

माझी भाची गुरांची डॉक्टर आहे. बाजारसमितीच्या मागे तिचा दवाखाना आहे, तो तिनं एकटीनं उभा केलाय. अडलेली म्हैस असली की चार गावांची माणसं तिच्याकडे येतात. ही बाई तो दवाखाना एका पाटाच्या जागेवरून पुसून टाकणार होती, आणि तेही चटणीचं बोट चाटत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मिहिरकडे गेले. तो फेटा बांधून आरशासमोर बसला होता. मी विचारलं, "तुला हे चालतं?"

"त्यातलं सगळं आई बघते," तो म्हणाला.

मग मी दिगंबरकडे गेले. तो म्हणाला, "अक्का, आता मुहूर्ताच्या तोंडावर कशाला? बसवू दे ना त्यांना कुठे बसवायचं ते." सख्ख्या भावाला लग्नमंडपात थोबाडीत मारता येत नाही, नाहीतर मारली असती.

शेवटी मी ओन्लीपाशीच गेले. "बाबा रे, या लग्नात तुझी नेमून दिलेली जागा कोणती?"

"ब्लेसिंग्जजवळ," तो नम्रपणे म्हणाला. "भेटवस्तू नकोत, ब्लेसिंग्ज ओन्ली, असं छापलंय ना तुम्ही. पण कोणी विचारलं नाही, म्हणून मी कुठेही बसतोय."

ते छापायला सांगणाऱ्याही विहीणबाईच. आणि हुंड्याच्या मोटारीची किल्ली त्यांच्या मुठीत.

मी वधूच्या खोलीत जाऊन शलाकाला सगळं सांगितलं. काय उरेल आणि काय जाईल, काही लपवलं नाही. तिनं हातातल्या बांगड्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "आत्या, मिहिर काय म्हणाला?"

"आई बघते म्हणाला."

"मग ओन्लीला त्याच्या जागेवर बसव."

मी अक्षतांच्या ताटाशेजारी पाट मांडला आणि ओन्लीला त्यावर बसवलं. विहीणबाई ओरडणार होत्या, पण गुरुजींनी सुरुवात केली होती आणि बाईंना वेगळीच काळजी लागली होती. अक्षतांच्या कुंकवानं भाड्याच्या फेट्याला डाग पडतात. म्हणून त्यांनी मिहिरच्या डोक्यावर शाल ताणून धरली. त्यांच्याकडची बाकीची माणसं दोन्ही हातांनी मोबाईल धरून चित्रण करत होती. अक्षता टाकल्या त्या आमच्या माणसांनी आणि गुरुजींनी, आणि पडल्या त्या शलाकाच्या डोक्यावर.

पहिलं सावधान झालं आणि आशीर्वाद तेवढे उरले. कार्यालय गेलं. खुर्च्या, आहेर, मोटार, जिलब्यांची परात गेली. कॉर्डियली आणि इन्व्हाईट जोडीनं गेले. ज्यांनी अक्षता टाकल्या आणि जिच्यावर पडल्या, ती माणसं मोकळ्या माळावर उभी राहिली. विहीणबाई नव्हत्या. शालीखाली कोरडा राहिलेला नवरामुलगाही नव्हता.

ओन्ली उठला, मला नमस्कार करून म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी कोणी नीट बसवलं," आणि स्टेशनाच्या रस्त्यानं निघून गेला.

गुरुजींनी पुढचं मंगलाष्टक म्हणायचं का विचारलं. मग त्यांनी स्वतःच पोथी मिटली. कुमुद पदराआड रडत होती. दिगंबर विहीणबाई होत्या त्या जागेकडे अजून हात जोडून उभा होता. मी त्याला म्हटलं, "खाली कर आता ते." त्यानं केले, पण त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना.

शलाका जमिनीवर मांडी घालून बसली. केसांतले तांदूळ तिनं झटकले नाहीत. "अण्णा, बसा," ती बापाला म्हणाली. "मला उद्या दवाखाना उघडायचाय. आणि भूक लागलीय."

तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं आवर्जून आला. त्याचं नाव कुठे छापलेलं नव्हतं, म्हणून त्याला जावंही लागलं नव्हतं. एका हातात मसालेभाताची बादली, दुसऱ्या हातात पत्रावळी. बोलावलं नाही म्हणून एक शब्द बोलला नाही. सांगलीच्या पाहुण्यांपासून त्यानं वाढायला घेतलं, दिगंबरला दोनदा वाढलं, शलाकाच्या भातावर तूप जास्त सोडलं.

मला राग आला होता तो अजून उतरला नव्हता, पण भात गरम होता. सगळ्यांचं वाढून झाल्यावर आवर्जून स्वतःची पत्रावळ घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "अक्का, मी कुठे बसू?"

"बस कुठेही," मी म्हटलं.