एका हातानं लावायचा गोल्फ

आमच्या शेजारचे पठाडे काका उजवा हात खिशातून बाहेर काढत नाहीत. हाताला काही झालेलं नाही, चांगला धडधाकट हात आहे. देवळात तीर्थ घ्यायला तेवढा बाहेर येतो आणि तीर्थ घेऊन झालं की पुन्हा आत. बाकी दाढी, चहा, कुलूप, झाडांना पाणी, सगळं डाव्या हातानं. एका लग्नात काका डाव्या हातात चमचा धरून वरणभात खात होते, ते बघून नवरदेवाच्या आजोबांनी पाठ करून बसणं पसंत केलं. मी विचारलं, "काका, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "प्रॅक्टिस." कसली प्रॅक्टिस, ते सांगायचं नाही.

बरं, स्वतःपुरतं करा ना. पण काका आपल्या घरी येतात ते आपल्या वस्तूंची परीक्षा घ्यायला. पहिल्यांदा माझं फाटक नापास झालं. "संगीता, तुझ्या फाटकाला दोन हात लागतात. एकानं दाबून धरायचं, दुसऱ्यानं कडी सरकवायची. हे काय डिझाइन झालं?" मग स्वयंपाकघरात शिरले. स्टीलचा डबा नापास, लोणच्याची बरणी नापास, कुकर तर बघताक्षणी नापास. पास झाली ती एकटी पोळ्यांची टोपली, कारण तिला झाकणच नव्हतं. आमचे हे सोफ्यावर बसून हसत होते, तर काकांनी त्यांच्या चपलेचा पट्टा नापास केला.

"एका हातानं जमलं तर डिझाइन, नाहीतर नुसतं सामान." हे काकांचं ब्रीदवाक्य. दिवसातून किती वेळा ऐकायचं, त्याला सुमार नाही.

काका मूळचे सोयगावकडचे. वाळूजच्या एका कंपनीत ड्रॉइंग काढण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर कॉलनीच्या अध्यक्षाशी भांडतात. काकांनी गोल्फ काढला. मोठा गोल्फ नाही, त्याला मैदान लागतं आणि श्रीमंती लागते. हा छोटा. हिरव्या कारपेटचा लांबट रस्ता, मध्ये काहीतरी अडथळा, शेवटी एक भोक. काठीनं बॉल ढकलायचा आणि भोकात घालायचा, एवढाच खेळ. असे नऊ रस्ते झाले की एक सेट. सगळीकडे हा सिमेंटमध्ये बांधून ठेवतात. काकांना तो घडी करून, पिशव्यांत भरून, छोट्या टेम्पोतून कुठंही नेता येईल असा करायचा होता.

"आणि अख्खा सेट एकट्या माणसानं लावायचा," काका म्हणाले.

"एका हातानं," मी म्हटलं.

"बघ, तुला कळतंय," काका खूश होऊन म्हणाले. मी टोमणा मारला होता, तो वाया गेला.

पण खरं सांगते, वस्तू बघितली आणि मी टोमणे विसरले. ॲल्युमिनियमच्या पाइपाची चौकट, त्यावर दुकानांच्या पाट्यांना वापरतात ती हलकी शीट, वर कारपेट. एकेक तुकडा असा की भाजीची पिशवी उचलावी तसा उचलायचा. एक तुकडा दुसऱ्याला टेकवायचा, तळव्यानं दाबायचा, खट. बसला. स्क्रू नाही, पाना नाही. आणि अडथळे तरी कसले? गावातले दरवाजे केलेले. भडकल दरवाजाच्या कमानीतून बॉल न्यायचा. पाणचक्कीचं चाक फिरतं, त्याच्या पात्यांमधून काढायचा. आणि नववा म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी. बॉल एका तोंडानं आत जातो आणि आत कुठं वळतो, काय करतो, काही दिसत नाही. आपण बाहेर उभं राहून वाट बघायची. तोंडचं पाणी पळतं, बॉल कुठं गेला म्हणून.

कॉलनीला अर्थात काडीचं कौतुक नव्हतं. "नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही आणि ह्यांना गोल्फ सुचतोय," हे वाक्य प्रत्येकानं म्हणून घेतलं. मीही म्हटलं होतं.

मी शिवणकाम करते, म्हणून तुकड्यांच्या पिशव्या माझ्याकडं आल्या. चांगल्या ताडपत्रीच्या, चेनच्या पिशव्या शिवल्या. काकांनी चेन ओढली. ती अर्ध्यावर अडली, कारण खाली कुणीतरी कापड धरायला लागतं. "नापास," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, जगातल्या सगळ्या चेनी अशाच असतात." तर म्हणे, "मग जग नापास." चेनी उसवल्या, बटणं लावली. बटणंही नापास. शेवटी सँडलला असते तशी चिकटपट्टी लावली आणि तिला बोट घालून ओढायला एक मोठी नाडी शिवली. ती ओढली की पिशवी फर्रकन उघडते. काकांनी ती डोळे मिटून उघडली, मग पाठमोरं उभं राहून उघडली, मग मान हलवून पास केली. दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हासुद्धा मला एवढा आनंद झाला नव्हता.

मग वाऱ्याची भानगड झाली. कॉलनीच्या मोकळ्या जागेत पहिल्यांदा सेट मांडला, ते दिवस एप्रिलचे. दुपारी वावटळ उठली आणि पाणचक्की उडाली. चक्क उडाली आणि समोरच्या जोशीबाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांमध्ये जाऊन बसली. इतकं हलकं करून ठेवलेलं, उडणार नाही तर काय? लोक पोट धरून हसले. काका मात्र पाणचक्की हातात घेऊन तिच्याकडं कौतुकानं बघत होते. "बघितलंस किती हलकी आहे?"

तोडगाही काकांनीच काढला. चौकटीच्या खाली पोकळ प्लास्टिक पाइप बसवले. खेळाच्या जागी पोचलं की त्यात पाणी भरायचं, सेट जड होतो. निघताना बूच काढायचं, सेट पुन्हा हलका. उत्तम. फक्त आमच्या गावात पाणी मागणं म्हणजे माणसाकडं किडनी मागण्यासारखं आहे. मग मीच बादली घेऊन घरोघर फिरले आणि फिल्टरचं वाया जाणारं पाणी गोळा केलं. जोशीबाईंनी दोन बादल्या दिल्या. "साड्यांवर पुन्हा काही यायला नको," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून तो गोल्फ आमचा झाला. कुणी पाहुणा आला की लोक त्याला आधी काकांच्या अंगणात न्यायला लागले.

काकूंचं मात्र वेगळं होतं. पठाडे काकू शाळेत शिकवायच्या, कॉलनीत त्यांचा आवाज असा की कुत्रीसुद्धा रांगेत चालायची. काका रिटायर झाले त्याच वर्षी काकूंना झटका आला. त्यातून त्या बऱ्या झाल्या, पण घराबाहेर पडायचं थांबलं. हळदीकुंकवाला बोलवा, भिशीला बोलवा, "बरं नाही गं" एवढंच उत्तर. मी भेटायला जायचे तेव्हा खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या असायच्या, अंगावर शाल, मे महिन्यातसुद्धा. चार शब्द बोलायच्या आणि नजर खिडकीबाहेर. आपण किती वेळ बसणार? हळूहळू आमचंही जाणं कमी झालं.

असो. तर एक दिवस बीड बायपासवरचे लॉनवाले युनूसभाई सेट बघायला येणार असं ठरलं. त्यांच्या लॉनवर मोठमोठी लग्नं होतात आणि पोरांना रमवायला त्यांना काहीतरी नवीन हवं होतं. त्यांनी घेतला तर काकांच्या इतक्या वर्षांच्या मेहनतीचं सोनं होणार, नाही घेतला तर सेट गच्चीवर धूळ खाणार. तसं काकांनीच मला सांगितलं होतं. "संगीता, आता नाही तर नाही. माझ्याच्यानं आता दुसरा सेट होणार नाही."

संध्याकाळी काकांच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत सेट मांडला. काकांनी एकट्यानं मांडला, उजवा हात खिशात. अंधारी तेवढी पिशवीतच ठेवली, म्हणाले, शेवटी दाखवू. अख्खी कॉलनी जमली. युनूसभाई दोन-चार रस्ते खेळले, घामाघूम झाले, खूश झाले.

"काका, चीज एक नंबर बनाए तुम," युनूसभाई म्हणाले. "मी दोन सेट घेतो. फकत एक काम करा. हे तुकडे इत्ते छोटे कायको? डबल साइज करा. माझ्याकडं पोरं आहेत, दोघं मिळून उचलतील. तुमचा खर्चा कम, माझा टाइम कम."

"नाही," काका म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"एका हातानं उचललं गेलं पाहिजे. लावताही आलं पाहिजे. ते बदलणार नाही."

युनूसभाईंनी समजावलं, आमच्या ह्यांनी समजावलं, जोशीबाईसुद्धा मध्ये पडल्या. काकांचं नाही म्हणजे नाही. युनूसभाई घड्याळ बघायला लागले. माझं डोकंच फिरलं. पिशव्या मी उसवल्या होत्या, बादल्या मी वाहिल्या होत्या, आणि हा माणूस हातात आलेलं घालवायला निघालेला. मी म्हटलं, "अहो काका, ते काय लॉनवर एका हाताची माणसं ठेवणार आहेत का?"

काकांनी मागं वळून दाराकडं बघितलं.

दारात काकू उभ्या होत्या. अंगावर शाल नव्हती. उजवा हात पोटाशी दुमडलेला, बोटं वळलेली, निर्जीव. तो हात मी तेव्हा पहिल्यांदा बघितला आणि मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

काकू भिंतीच्या आधारानं पायऱ्या उतरल्या. पिशवीपाशी आल्या. डाव्या हाताचं बोट नाडीत घातलं आणि ओढलं. पिशवी फर्रकन उघडली. त्यांनी अंधारी बाहेर काढली, आठव्या रस्त्याच्या पुढं मांडली, एकेक तुकडा तळव्यानं दाबला. खट, खट, खट. काकांनी मदतीला पाऊलसुद्धा उचललं नाही. इतक्या सराईतपणे चाललं होतं की हे पहिल्यांदा नाही, ते कळत होतं. रोज दुपारी दार लावून घरात दोघांचं हेच चालत असणार.

मग त्या उभ्या राहिल्या आणि युनूसभाईंना म्हणाल्या, "ह्यांना काय विचारता? लावणारी मी आहे. मला विचारा." तोच आवाज, शाळेतला. "पुण्याला नातवाबरोबर हा खेळ खेळले होते मी, आजारी पडायच्या आधी. नंतर मी घराबाहेर पडेना, तेव्हा हे म्हणाले, त्या खेळाला एक हात पुरतो. तू बाहेर जात नाहीस ना, मग मी तोच दारात आणतो. तुकडे मोठे केलेत तर मला उचलता यायचे नाहीत. आणि मला उचलता येणार नसतील तर हे ते करायचे नाहीत. तुम्ही दोन सेट घ्या, चार घ्या, पण असेच घ्या."

युनूसभाईंनी वाकून एक तुकडा एका हातानं उचलून बघितला. मग म्हणाले, "चाची, तुमी लावले तसेच पाठवा. पण माझ्या पोरांना शिकवायला तुमालाच यावं लागेल. गाडी पाठवतो."

"येईन," काकू म्हणाल्या. "आधी खेळू द्या."

त्यांनी डाव्या हातात काठी घेतली. बॉल ठेवला, नेम धरला, मारला. बॉल अंधारीत शिरला. आम्ही सगळे बाहेर उभे, माना लांब करून. बराच वेळ काही दिसलं नाही. मग पलीकडच्या तोंडातून बॉल हळूच बाहेर आला, घरंगळला आणि भोकात पडला.

काकांचा उजवा हात खिशातून बाहेर आला. ते टाळ्या वाजवायला लागले, जोरजोरात, लहान पोरासारखे, डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्याची त्यांना शुद्ध नव्हती. बाकी सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी त्यांच्या चालूच.

"अहो, बास आता," काकू पदर सावरत म्हणाल्या. "लोक बघतायत."

"बघू दे," काका म्हणाले.